मानखुर्दचे केंद्र आणि हुशारीचा शोध

बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या मराठी घरांत ‘मुलाला यंदा होमी भाभाला बसवलंय’ हे वाक्य दरवर्षी ऐकू येते. सहावी आणि नववीच्या मुलांसाठीची ही डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा १९८१ पासून मुंबईच्या विज्ञान शिक्षकांची संघटना घेते. लेखी परीक्षा, प्रात्यक्षिक, कृतिसंशोधन प्रकल्प आणि मुलाखत अशा पायऱ्या चढत मूल पदकापर्यंत जाते. त्याच नावाची एक संस्था हार्बर मार्गावर मानखुर्दला आहे: होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. दोन्हींची गल्लत करणारे पालक पुष्कळ. स्पर्धा सर्वांना ठाऊक, केंद्र मात्र उपनगरातल्याच कित्येकांनी पाहिलेले नाही. आणि हुशार मुलाचे काय करायचे, या प्रश्नावर मुंबईत सर्वांत खोलवर काम झाले ते त्या केंद्रात.

केंद्र १९७४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, म्हणजे टीआयएफआरने, सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने सुरू केले. त्याआधीपासून टीआयएफआरमधले काही शास्त्रज्ञ आपली प्रयोगशाळा सांभाळून महापालिकेच्या शाळांत विज्ञान कसे शिकवले जाते ते पाहायला जात होते. केंद्राची पहिली जागाही नाना चौकातली महापालिका शाळाच होती. मानखुर्दची वास्तू नव्वदच्या दशकात मिळाली. संस्थापक संचालक डॉ. व्ही. जी. कुलकर्णी मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. ही जन्मकथा सांगायलाच हवी, कारण आज देशातली सर्वांत तल्लख मुले जिथे उन्हाळ्यात मुक्कामाला येतात, ती संस्था मुळात पालिकेच्या मुलांसाठी उभी राहिली.

सुरुवातीच्या वर्षांत जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या शाळांत केंद्राने काम केले. तिथे आणि मुंबईत एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. मुले विज्ञानात अडखळतात असे शिक्षक सांगत, पण नीट पाहिले तर ती बऱ्याचदा पुस्तकाच्या भाषेत अडखळत होती. पाठ्यपुस्तकातले मराठी संस्कृतप्रचुर, वाक्ये लांब, एका वाक्यात तीन-तीन नवे शब्द. तेच धडे साध्या मराठीत लिहून दिले तेव्हा मुलांना विज्ञान अधिक कळू लागले. विषय तोच, मुले तीच. ऐंशीच्या दशकात मांडलेला हा निष्कर्ष आजही प्रत्येक पाठ्यपुस्तक मंडळाच्या दारावर लावावा, असे मला वाटते.

याच दशकात कुलकर्णी आणि डॉ. सुधाकर आगरकर यांनी महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांसाठी प्रतिभाशोध आणि प्रतिभासंवर्धनाचा उपक्रम चालवला. माध्यमिक शाळेच्या वर्षांत मुले हाताशी घ्यायची आणि दहावीच्या परीक्षेपर्यंत सोबत राहायचे, अशी योजना. त्यात चमत्कारिक असे काहीच नव्हते. मुलांना बोलते करायचे, प्रश्न विचारायला लावायचे, मोजमाप स्वतःच्या हातांनी करू द्यायचे, वाचून समजण्याची सवय लावायची, गणितातली मागची भोके बुजवायची. ज्या घरात आईवडील दोघेही दिवसभर कामावर आणि खोली एकच, तिथल्या मुलाला लिटर म्हणजे किती, ग्रॅम म्हणजे किती याचा अंदाज शाळेने गृहीत धरलेला असतो, पण शाळेने तो कधी दिलेला नसतो. ही उणीव भरली तशी मुलांची कामगिरी ठळकपणे सुधारली. प्रतिभा शोधायची म्हणजे चाळणी लावायची, अशी आपली समजूत आहे. या उपक्रमाने अडथळे आधी काढले आणि मग कोण पुढे येते ते पाहिले. शोधाची ही रीत मला जास्त प्रामाणिक वाटते, कारण चाळणीवर उरतात ती मुले अनेकदा घरून आधीच पुरेशी शिदोरी घेऊन आलेली असतात.

नव्वदच्या दशकाअखेरीस केंद्राकडे दुसरी जबाबदारी आली. गणिताच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये भारत १९८९ पासून उतरत होता आणि १९९६ मध्ये ती स्पर्धा मुंबईत भरली. त्यानंतर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, खगोलशास्त्र एकेक करून आले आणि त्या सगळ्यांचे मध्यवर्ती ठिकाण मानखुर्द झाले. डॉ. अरविंद कुमार तेव्हा संचालक होते. विज्ञानाच्या विषयांची पहिली लेखी चाळणी भौतिकशास्त्राच्या शिक्षकांची राष्ट्रीय संघटना घेते, पुढची राष्ट्रीय परीक्षा केंद्र घेते, आणि त्यातून निवडलेली मोजकी मुले उन्हाळी शिबिराला येतात. शिबिराअखेर भौतिकशास्त्राचा संघ पाच जणांचा, रसायनशास्त्राचा आणि जीवशास्त्राचा प्रत्येकी चार जणांचा ठरतो.

शिबिरातली खरी परीक्षा प्रयोगशाळेत होते. कोटा-पद्धतीच्या शिकवणीतून आलेला मुलगा कागदावर कठीण गणित झटक्यात सोडवतो, पण समोर बंद पेटी, दोन तारा आणि एक मल्टिमीटर ठेवून ‘आत काय आहे ते शोध’ म्हटले की तोच मुलगा थबकतो. आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाडमध्ये पाच तास लेखी आणि पाच तास प्रयोग असतात. तिथे पाठांतर कामाला येत नाही. मापनातली चूक किती, आलेखाचा कोणता बिंदू संशयास्पद, हे स्वतःच ठरवावे लागते. चाळीस वर्षांपूर्वी पालिकेच्या मुलांच्या हाती फूटपट्टी आणि मोजपात्र देणारी संस्था आज देशातल्या पहिल्या फळीच्या मुलांनाही हेच शिकवते: आधी मोज, मग बोल. माझ्या मते या केंद्राची सगळी कमाई या एका सातत्यात आहे. केंद्राच्या पुढाकाराने मुंबईत २००१ मध्ये रसायनशास्त्राचे, २००८ मध्ये जीवशास्त्राचे, २०१५ मध्ये भौतिकशास्त्राचे आणि २०२५ मध्ये खगोलशास्त्राचे ऑलिंपियाड भरले.

आता घरांकडे वळू. हुशार मूल घरात असणे ही आनंदाची गोष्ट, पण आईबाबांना ती एकाकीही करते. शेजारी विचारतात, ‘कुठल्या क्लासला घातलंय?’ मूल शाळेत कंटाळते, प्रश्न विचारते, शिक्षकांना ते उद्धट वाटते. मग घर एकच वाट ओळखते: शिकवणी, पदक, पुन्हा शिकवणी. बालवैज्ञानिक स्पर्धेतला प्रकल्प ही मुळात फार सुंदर कल्पना आहे. मुलाने आपल्या आसपासचा एखादा प्रश्न घ्यावा, निरीक्षणे नोंदवावीत, काहीतरी करून पाहावे. तो प्रकल्प आईबाबांनी किंवा क्लासने तयार करून दिला की मुलाचा त्यातला सगळा आनंद हिरावला जातो. पालकांनी तिथे हात आवरावा, ही कळकळीची विनंती.

हात आवरल्यावर जो वेळ उरतो तो मुलासोबत घालवण्यासाठी उपनगरात जागा आहेत. जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये टीआयएफआरने २००९ मध्ये ‘चाय अँड व्हाय’ हा रविवार सकाळचा उपक्रम सुरू केला: शास्त्रज्ञ समोर, हातात चहा, आणि दहा वर्षांच्या पोरालाही प्रश्न विचारायची मुभा. मानखुर्दचे केंद्र ज्या वि. ना. पुरव मार्गावर आहे त्याच रस्त्यावर चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषदेचे विज्ञान भवन आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था मराठीतून विज्ञान पोहोचवण्याचे काम आजही नेटाने करते. तिथे पोहोचायला बोरिवलीच्या घराला दादर-कुर्ला करत गाड्या बदलाव्या लागतात, मुलुंडच्या घराला कुर्ल्याला एकदा. पण आपल्यासारखेच वेडे प्रश्न विचारणारी दुसरी मुले भेटणे, हे अशा मुलासाठी कुठल्याही पदकाइतके मोलाचे असते.

केंद्राच्या एका बाजूला अणुशक्तीनगर, दुसऱ्या बाजूला गोवंडी-शिवाजीनगर. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा एम-पूर्व विभाग शहरात सर्वांत तळाला होता. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी केंद्राचा ‘विज्ञान प्रतिभा’ हा कार्यक्रम आहे. तो प्रामुख्याने केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये आणि अणुऊर्जा खात्याच्या शाळांतून सुरू झाला, पण त्यातले कृतिपाठ कुणाही शिक्षकाला विनामूल्य वापरता येतात. गोवंडीच्या एखाद्या पालिका शाळेत आठवड्यातला एक तास या कृतिपाठांना दिला, तर कुलकर्णी-आगरकरांचा धागा केंद्राच्या शेजारच्या वस्तीत पुन्हा हाती घेता येईल. आणि पुढे भाषाही आड यायला नको. आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये एक जुनी रीत आहे: प्रश्नपत्रिका ठरली की प्रत्येक देशाचे मार्गदर्शक शिक्षक रात्रभर बसून ती आपल्या मुलांच्या भाषेत उतरवतात. भारतीय मुले सहसा इंग्रजीतच पेपर सोडवतात. गोवंडीची एखादी मुलगी भारताच्या संघात पोहोचली, तर तिला तो मराठीत मागता येईल.