पेठेच्या इभ्रतीचा सामना

कोल्हापूर म्हटले की राजर्षी शाहू महाराजांच्या राजाश्रयाने बहरलेली कुस्ती आणि १९१२ साली उभे राहिलेले खासबाग मैदान प्रथम स्मरते. परंतु ज्या तालमींनी मल्ल घडविले, त्याच तालमींनी पुढे फुटबॉलचे संघही उभे केले, आणि म्हणूनच पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल यांसारख्या नामवंत संघांच्या नावापुढे आजही ‘तालीम मंडळ’ ही अक्षरे अभिमानाने झळकतात.

१९४० साली स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या आधिपत्याखाली शाहू स्टेडियमवर जेव्हा मंगळवार पेठेचा पाटाकडील आणि शिवाजी पेठेचा शिवाजी तरुण मंडळ हे संघ समोरासमोर उभे राहतात, तेव्हा तो केवळ खेळ उरत नाही. आदल्या रात्री कट्ट्याकट्ट्यावर संघरचनेची चिकित्सा चालते, आजोबा नातवाला जुन्या सामन्यांच्या हकिकती सांगतात, आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या कडेकोट बंदोबस्तात दोन्ही पेठा गॅलरीत येऊन बसतात.

याच मातीतील अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, ही गोष्ट या परंपरेच्या सामर्थ्याची साक्ष आहे.

तेव्हा रसिकहो, घोषणा मनमुराद द्या. मात्र पंचांचा निर्णय शिरोधार्य माना, प्रतिस्पर्ध्याच्या उत्तम गोलालाही टाळी द्या, आणि ईर्ष्या मैदानातच ठेवून घरी परता. पेठेची खरी इभ्रत त्यातच आहे.