दोष औषधाचा की तुटलेल्या उपचारांचा?

अमेरिकेत मिनियापोलिसच्या चर्चमध्ये २७ ऑगस्ट २०२५ रोजी शाळकरी मुलांवर गोळीबार झाला आणि दोन मुलं मारली गेली. दुसऱ्याच दिवशी तिथले आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनिअर यांनी टीव्हीवर जाहीर केलं, की नैराश्यावरची ‘एसएसआरआय’ गटातली औषधं हिंसाचाराला हातभार लावतात का, याचा अभ्यास सरकार सुरू करत आहे. अभ्यास जरूर व्हावा. पण मंत्र्यांनी बोलून दाखवलेली शंका अभ्यासाचा निकाल लागेपर्यंत थांबत नाही, ती थेट घराघरांत शिरते. या गटातल्या सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम या गोळ्या आपल्याकडच्या मेडिकलमध्येही मिळतात, आणि ‘डोक्याच्या गोळ्या नकोच’ म्हणणारे नातेवाईक आपल्याकडे काही कमी नाहीत.

संशय तसा जुना आहे. अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेतल्या १९९९च्या हत्याकांडातल्या दोघा मारेकऱ्यांपैकी एकाच्या रक्तात फ्लुव्हॉक्झामिन हे याच गटातलं औषध सापडलं. तेव्हापासून प्रत्येक हत्याकांडानंतर ‘तो काय घेत होता?’ असं विचारलं जातं. दुसऱ्याच्या रक्तात असं काही नव्हतं, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. अमेरिकेत साधारण दर आठ प्रौढांमागे एक जण नैराश्यावरचं औषध घेतो. इतकं सर्रास वापरलं जाणारं औषध काही मारेकऱ्यांकडेही सापडणारच. आइसलँड या औषधांच्या वापरात जगात आघाडीवर आहे, तरी तिथे अशी हत्याकांडं घडत नाहीत.

या वादात सर्वांत भक्कम पुरावा ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ सीना फझेल आणि त्यांच्या स्वीडिश सहकाऱ्यांनी उभा केला. स्वीडनमध्ये प्रत्येक नागरिकाच्या औषधांची आणि गुन्ह्यांची नोंद असते आणि या दोन्ही नोंदी जोडून पाहता येतात. औषध घेणाऱ्याची तुलना न घेणाऱ्याशी केली, तर आजारी माणूस एका बाजूला आणि धडधाकट दुसऱ्या बाजूला येतो, मग आजाराचं खापर औषधावर फुटतं. फझेल यांनी माणसाची तुलना त्याच्याशीच केली. औषध चालू असतानाच्या काळात त्याच्या हातून काय घडलं आणि बंद असताना काय, हे त्यांनी तपासलं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१४ साली आलेल्या या अभ्यासात ८२ हजारांहून अधिक रुग्ण होते. सायकोसिसवरची (भ्रम-भासांच्या आजारावरची) औषधं चालू असताना हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण ४५ टक्क्यांनी कमी होतं आणि मनःस्थिती स्थिर ठेवणारी औषधं चालू असताना २४ टक्क्यांनी.

पुढच्याच वर्षी याच पद्धतीने ‘एसएसआरआय’ घेणाऱ्या साडेआठ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पंचविशी ओलांडलेल्यांत हिंसेशी संबंध दिसला नाही. १५ ते २४ वयोगटात मात्र हिंसक गुन्ह्यात दोषी ठरण्याचं प्रमाण औषधाच्या काळात ४३ टक्क्यांनी जास्त होतं. हा निष्कर्ष झाकून ठेवणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. तो सामूहिक हत्यांबद्दल नाही, त्यात धमक्या-मारहाणीपर्यंतचे गुन्हे येतात. औषधाने हे घडवलं, असंही त्यातून सिद्ध होत नाही. तरीही मुलांवर लक्ष ठेवण्याचं कारण त्याने नक्की दिलं आहे. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००४ पासून या औषधांच्या माहितीपत्रकावर लहान मुलांमधल्या आत्महत्येच्या विचारांबद्दल ठळक इशारा छापायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंत वाढवला. तरुण मुलाला औषध सुरू झालं, की पहिले काही आठवडे डॉक्टरांनी त्याला वारंवार बोलवावं. घरच्यांनी त्याची तगमग, चिडचिड, उडालेली झोप यांकडे डोळेझाक करू नये.

हिंसेचं मूळ औषधात नसलं, तर ते आजारातच आहे, असंही नाही. ड्यूक विद्यापीठाचे संशोधक जेफ्री स्वानसन वर्षानुवर्षं सांगत आले आहेत, की गंभीर मानसिक आजार उद्या नाहीसे झाले, तरी अमेरिकेतला हिंसाचार जेमतेम चार टक्क्यांनी घटेल.

मग धोका कुठे असतो? २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्ज या विमान कंपनीच्या सहवैमानिकाने विमान आल्प्स पर्वतावर आदळलं आणि १५० जीव गेले. त्याच्या शरीरात नैराश्यावरची औषधं सापडली. औषधाला दोष देणारे इथवर वाचून थांबतात. फ्रेंच तपास अहवाल पुढे सांगतो, की डॉक्टरांनी त्याला मनोरुग्णालयात उपचार घेण्याचा सल्ला दिला होता आणि त्याने हे कंपनीपासून लपवलं. आजार सांगितला तर उड्डाणाची परवानगी जाईल, उत्पन्नही जाईल, ही भीती अहवालाने ठळकपणे नोंदवली.

पुण्याला हे परकं वाटू नये. २५ जानेवारी २०१२ रोजी एसटीच्या चालकाने स्वारगेट आगारातून बस पळवली आणि नऊ जणांचे प्राण घेतले. त्याने ड्यूटी बदलून मागितली होती, ती मिळाली नाही. त्याच्यावर पूर्वी सोलापुरात मानसोपचार झाले होते, असं बचाव पक्ष सांगत होता. वेडसरपणाचा बचाव टिकला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फाशीची जन्मठेप केली. त्याच्या जबाबदारीचा निकाल लागला. पण आपल्याला त्रास होतोय असं वरिष्ठांना सांगितलं तर नोकरी राहील, हा भरवसा आज किती चालकांना आहे?

‘निम्हान्स’ या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६च्या सर्वेक्षणानुसार भारतात वेगवेगळ्या मानसिक विकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना राहतात. आपला प्रश्न औषधांच्या अतिरेकाचा नाही, उपचारच न मिळण्याचा आहे. औषधाची भीती आणि नोकरी जाण्याची भीती, दोन्ही माणसाला डॉक्टरपासून तोडतात. सरकारी असो की खासगी, प्रत्येक मालकाने उपचार घेणाऱ्याची नोकरी सुरक्षित राहील, हे लेखी द्यायला हवं.

आणि वाचकहो, तुमच्या घरात कुणी ही औषधं घेत असेल, तर बातमी वाचून ती बंद करू नका. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा. बदल करायचाच तर त्यांच्या सल्ल्याने, हळूहळू करा. डॉक्टर गाठता येत नसेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.