मेंदूज्वराची खूण थॅलॅमसमध्ये

गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या आसपास रोवणी आटोपली की धानाच्या बांध्यांत पाणी साचून राहतं, बगळे उतरतात आणि क्युलेक्स डास वाढतात. जपानी मेंदूज्वराचा विषाणू बगळ्यांत आणि डुकरांत पोसला जातो. डास तो माणसापर्यंत आणतो. लागण झालेल्या शंभरांत एकालाही मेंदूज्वर होत नाही. ज्याला होतो, त्याच्या घरच्यांना एवढंच कळतं, की पोर तापानं फणफणलंय, झटके येताहेत आणि ते आईलाही ओळखत नाही.

अशा वेळी इथे आधी बोट टोचून मलेरिया बघतात. तेच बरोबर आहे. गडचिरोलीला मलेरियाचा जाच मोठा आहे, आणि मलेरिया मेंदूत गेला तरी त्यावर औषध आहे. मेंदूचा फोटो काढणाऱ्या एमआरआयसाठी मात्र बहुतेकांना चंद्रपूर-नागपूरची वाट धरावी लागते. सीटी स्कॅन लवकर होतो, पण सुरुवातीच्या दिवसांत तो बरेचदा काहीच दाखवत नाही.

एमआरआयमध्ये 'फ्लेअर' नावाची एक पद्धत आहे. तिच्यात मेंदूभोवतीचं नेहमीचं पाणी काळं दिसतं आणि सुजलेला भाग पांढरा उठून येतो. मेंदूच्या मधोमध, डावीउजवीकडे एकेक थॅलॅमस असतो. अंगावरच्या संवेदना तिथूनच वर जातात. जपानी मेंदूज्वराचा विषाणू नेमका तिथे घर करतो. म्हणून मधोमध दोन्ही बाजूंना पांढरे डाग दिसले, की पावसाळ्यात धानपट्ट्यातून आलेल्या रुग्णाबाबत डॉक्टरांचा संशय बळावतो. डाग खाली मध्यमेंदूपर्यंत गेले असतील तर आणखी सावध व्हायचं, कारण हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या पेशी तिथे आहेत. वाचलेल्या काही मुलांचे हातपाय पुढे ताठरतात, मान वाकडी होते, त्यामागे हेच असतं.

डाग कानशिलाकडच्या भागात असतील तर संशय हर्पिस विषाणूचा. त्यावर असायक्लोव्हिर हे औषध आहे आणि ते फोटोची वाट न बघता सुरू करायचं असतं. मला एमआरआयपेक्षाही ही घाई महत्त्वाची वाटते.

चांदीपुराची गत वेगळी. हा विषाणू 1965 मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडला. 2003 च्या आंध्रातल्या साथीत अभ्यासलेल्या 329 मुलांपैकी 183 दगावली. या आजारात मेंदूचा फोटो कित्येकदा स्वच्छच येतो. स्वच्छ फोटो पाहून निर्धास्त होणं इथे जिवावर बेतू शकतं.

थॅलॅमसवरचे डाग इतर आजारांतही दिसतात. त्यामुळे जपानी मेंदूज्वराच्या निदानावर शिक्कामोर्तब होतं ते पाठीतून काढलेल्या पाण्यातल्या आयजीएम प्रतिपिंडांनी. पण पहिल्या काही दिवसांत ती चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, आणि तेव्हा फोटोचं मोल वाढतं. डाग स्पष्ट असतील तर एका निगेटिव्ह अहवालावर न थांबता काही दिवसांनी नमुना पुन्हा पाठवायला हवा.

विषाणू मारणारं औषध जपानी मेंदूज्वरावर अजून नाही. उपचार म्हणजे झटके थांबवणं, मेंदूवरचा दाब उतरवणं, श्वास सांभाळणं. लस मात्र आहे, आणि सरकारी लसीकरणात ती गडचिरोलीच्या बाळांना मिळते: पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान.