ओळखीचे टपाल दारातच अडू नये म्हणून

सुताचा भाव सकाळी एक असतो आणि संध्याकाळी दुसरा. अशा बाजारात गिरणीने सकाळी पाठविलेले भावाचे पत्र व्यापाऱ्याच्या नजरेस तीन दिवसांनी पडले, तर त्याचा उपयोग काय? पूर्वी टपाल उशिरा आले तर दोष पोस्टाला देता येत होता. आता पत्र काही सेकंदांत पोहोचते, पण पुष्कळदा आपल्याच दारात अडते. ई-मेलमध्ये 'स्पॅम' किंवा 'जंक' नावाचा एक कप्पा असतो. कचरा समजून अडविलेली पत्रे त्यात पडतात. लॉटरीचे आमिष, खोट्या कर्जाच्या जाहिराती आणि त्याच ढिगात एखादे वेळी खऱ्या खरेदीदाराची ऑर्डर!

कॉम्प्युटरवाल्याला विचारले की तो सांगतो, "त्यांचे नाव विश्वासू यादीत टाका, म्हणजे झाले." काम होते हे खरे. पण नाव कसे टाकले यावर सारे अवलंबून आहे. नीट टाकले तर ऑर्डर वाचते. कसेही टाकले तर त्याच वाटेने ठग आत येतो. या दोन्ही बाजू व्यापारी बांधवांनी समजून घेणे जरुरीचे आहे.

अडलेल्या पत्राची किंमत

नुकसान केवळ ऑर्डरचे नसते. जीएसटी कायदा, २०१७ च्या कलम १६९ प्रमाणे नोंदणीच्या वेळी दिलेल्या ई-मेल पत्त्यावर नोटीस पाठविणे ही नोटीस बजावण्याची एक कायदेशीर रीत आहे. नोटीस स्पॅमच्या कप्प्यात पडून राहिली आणि मुदत टळली, तर "आम्ही पाहिलीच नाही" या सबबीवर भरवसा ठेवता येत नाही. निर्यातदारांचे तर आणखी अवघड. एल.सी.च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे (यूसीपी ६००) माल जहाजावर चढल्यानंतर साधारणपणे २१ दिवसांच्या आत कागदपत्रे बँकेत सादर करावी लागतात. त्या दिवसांत एजंटाचे दुरुस्तीचे एक पत्र जरी अडले, तरी पेमेंट लटकते. शिवाय हा कप्पा कायमचा नसतो. जीमेलमध्ये स्पॅममधील पत्रे ३० दिवसांनी आपोआप पुसली जातात.

गाळणी का लागली?

ई-मेलची पद्धत बनली तेव्हा ती वापरणारे लोक थोडे होते आणि बहुतेक एकमेकांना ओळखत होते. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिलेल्या नियमांत पत्र पाठविणारा जे नाव सांगेल ते खरे मानले गेले. पडताळणीची सोय नव्हती. जाहिरातीचे टपाल मात्र त्याआधीच सुरू झाले होते. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कॉम्प्युटर कंपनीच्या गॅरी थर्क यांनी सुमारे ४०० लोकांना न मागता जाहिरात पाठविली. तेच पहिले स्पॅम मानले जाते. पुढे हा कचरा इतका वाढला की प्रत्येक मेल सर्व्हरच्या दारावर पहारेकरी बसवावा लागला.

दारावर तीन तपासण्या होतात

पहिली तपासणी पत्र आणणाऱ्याची. समोरच्या सर्व्हरचा आयपी नंबर बदनामांच्या यादीत आहे का, हे पाहिले जाते. १९९८ साली सुरू झालेली स्पॅमहाउस ही संस्था अशा याद्या ठेवते. नंबर यादीत सापडला तर पत्र दारातूनच परत जाते.

दुसरी तपासणी धीराची. काही सर्व्हर अनोळखी सर्व्हरला प्रथम "थोड्या वेळाने या" म्हणून सांगतात. खरा सर्व्हर काही मिनिटांनी पुन्हा येतो. घाऊक कचरा टाकणारे बहुधा परतून येत नाहीत. २००३ पासून रूढ झालेल्या या पद्धतीस ग्रेलिस्टिंग म्हणतात. यात नव्या गिऱ्हाइकाचे पहिले पत्र उशिरा मिळते.

तिसरी तपासणी मजकुराची. यात गुण दिले जातात. स्पॅमअसॅसिन हा २००१ साली निघालेला मोफत प्रोग्राम आजही अनेक सर्व्हरवर चालतो. प्रत्येक संशयास्पद गोष्टीला तो काही गुण देतो आणि बेरीज ५ झाली की पत्रावर स्पॅमचा शिक्का बसतो. आता आपल्या धंद्याचे पत्र पाहा. त्यात रक्कम असते, बँकेचा तपशील असतो, "अर्जंट" असे लिहिलेले असते आणि सोबत पीडीएफ जोडलेली असते. ठगाच्या पत्रातही नेमके हेच असते. म्हणून सुक्याबरोबर ओलेही जळते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पहिल्या तपासणीत परत गेलेले पत्र आपल्या स्पॅमच्या कप्प्यातही सापडत नाही. त्यामुळे आपल्या कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर समोरच्याचा पत्ता साठवून ठेवला, तरी अशा पत्रासाठी त्याचा काही उपयोग नाही. मुभा सर्व्हरवरच द्यावी लागते आणि ती बदनामांच्या यादीच्या तपासणीच्या आधी लागू व्हावी लागते. समोरचा व्यापारी म्हणाला की "पत्र परत आले", तर परत आलेला संदेश त्याच्याकडून पूर्ण मागवून घ्यावा. कोणत्या दाराने का अडविले ते बहुधा त्यातच लिहिलेले असते. तोच संदेश आपल्या मेलची व्यवस्था पाहणाऱ्याला दाखवावा.

नाव म्हणजे ओळख नव्हे

आता मुख्य मुद्दा. कापडाच्या गाठीवर कोणीही कोणाचाही मार्का मारू शकतो. म्हणून शहाणा व्यापारी नुसता मार्का पाहून गाठ उतरवून घेत नाही. बिल्टी पाहतो, ट्रान्सपोर्टवाल्याचा शिक्का पाहतो, आणि शंका आली तर पाठविणाऱ्याला फोन करतो. ई-मेलच्या माथ्यावर दिसणारे पाठविणाऱ्याचे नाव आणि पत्ता हा असाच नुसता मार्का आहे. तो कोणीही लिहू शकतो.

साधी विश्वासू यादी हा मार्काच पाहते. स्पॅमअसॅसिनमध्ये अशा यादीतील पत्त्याला उणे १०० गुण मिळतात. म्हणजे मजकूर कितीही संशयास्पद असो, पत्र आत येते. मग आपल्या गिरणीचा पत्ता ज्याला माहीत आहे असा कोणताही ठग तो पत्ता माथ्यावर लिहून उणे १०० गुणांचा धनी होतो. गिरणीचा पत्ता तर तिच्या बिलावरच छापलेला असतो! याच कारणाने त्या प्रोग्रामच्या माहितीपत्रकात नुसत्या नावाच्या यादीऐवजी पुरावा पाहणारी यादी वापरण्याची शिफारस केलेली आहे.

तीन पुरावे

पुरावे तीन प्रकारचे आहेत. त्यांची नावे इंग्रजी असली तरी अर्थ आपल्या धंद्यातलाच आहे.

एसपीएफ म्हणजे ठरलेल्या ट्रान्सपोर्टची यादी. कंपनी आपल्या डोमेनच्या, म्हणजे पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाच्या, जाहीर नोंदीत लिहून ठेवते की आमचे टपाल अमुक सर्व्हरवरूनच निघते. दुसऱ्या सर्व्हरवरून आले तर संशय घ्यावा.

डीकेआयएम म्हणजे मोहर. पाठविणारा सर्व्हर पत्रावर एक गुप्त सही करतो आणि ती तपासण्याची किल्ली जाहीर ठेवतो. वाटेत मजकुरात फेरफार झाला तर मोहर तुटते.

डीमार्क हा या दोहोंवरचा मुकादम. एसपीएफ आत दडलेल्या लिफाफ्यावरचा पत्ता तपासते. आपल्याला दिसतो तो मात्र लेटरहेडवरचा पत्ता. दोन्ही वेगळे असू शकतात. लेटरहेडवर जे डोमेन आहे, त्याच डोमेनचा पुरावा पटला आहे का, हे डीमार्क पाहते. पटला नाही तर पत्राचे काय करावे, हेही त्या डोमेनच्या मालकाने सांगून ठेवलेले असते. डीमार्क २०१२ साली जाहीर झाले. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी रोज ५,००० पेक्षा अधिक पत्रे पाठविणाऱ्यांना हे तिन्ही पुरावे सक्तीचे केले आणि इतरांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक लागू केला. त्यामुळे "आमच्याकडे ही सोय नाही" असे म्हणणाऱ्या मोठ्या गिरणीस किंवा एजंटास ती करून घेण्यास सांगणे गैर नाही.

यादी करताना

१. यादी छोटी ठेवावी. ज्यांचे पत्र अडले तर खरोखर नुकसान होते तेवढेच घ्यावेत: सुताच्या गिरण्या, प्रोसेस हाऊस, कायमचे खरेदीदार, शिपिंग एजंट, बँक, सी.ए. आणि सरकारी पोर्टल.

२. पत्ता जुन्या पत्रातून उचलू नये. तो करारावरून, अधिकृत संकेतस्थळावरून किंवा माहितीच्या नंबरवर फोन करून घ्यावा.

३. नुसत्या नावावर मुभा देऊ नये. पुरावा पटला तरच मुभा, असे सर्व्हरवर लिहून घ्यावे. स्पॅमअसॅसिनमध्ये तशी वेगळी सोय आहे. कंपन्यांसाठीच्या गूगल वर्कस्पेसमध्येही विश्वासू यादी करताना पुरावा मागण्याची अट असते. ती काढून टाकू नये.

४. पूर्ण जीमेल किंवा याहूच्या डोमेनला मुभा देऊ नये. तिथे कोणीही फुकट खाते काढतो. अशा खात्यावरून लिहिणाऱ्या लहान व्यापाऱ्याचा पूर्ण पत्ताच यादीत घ्यावा.

५. आपल्या स्वतःच्या डोमेनला विश्वासू यादीत टाकू नये. मालकाच्या नावाने मुनीमाला "ताबडतोब पैसे पाठवा" असे लिहिणारा ठग आपलेच डोमेन वापरतो.

६. आयपी नंबरावरून मुभा द्यायची असेल, तर तो नंबर त्याच कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरचा आहे याची खात्री करावी. भाड्याच्या सर्व्हरवर एका नंबरामागे शेकडो लोक असतात. एकाला दार उघडले की सगळे आत येतात.

७. मुभा फक्त स्पॅमच्या तपासणीपुरती असावी. व्हायरसची तपासणी सर्वांचीच व्हावी. तसेच आपल्या सर्व्हरवरून बाहेर टपाल पाठविण्याची मुभा त्यातून मिळत नाही ना, हे कारागिराला स्पष्ट विचारावे.

८. दर सहा महिन्यांनी यादी वाचावी. व्यवहार संपलेल्यांची नावे काढावीत.

ज्यांचा स्वतःचा सर्व्हर नाही आणि जीमेलवरच काम चालते, त्यांनी त्या पत्त्यासाठी फिल्टर करून "स्पॅममध्ये कधीही पाठवू नका" ही खूण करावी. पण ही मुभाही पत्त्यावरूनच मिळते, म्हणून पत्रावर जीमेलने इशारा दाखविला तर तो डावलू नये. रोज दुकान बंद करण्याआधी स्पॅमचा कप्पा एकदा चाळण्याची सवय कोणत्याही यादीपेक्षा जास्त उपयोगी आहे.

आत आलेल्यालाही तपासावे

तिन्ही पुरावे पटले म्हणजे पत्र खरे, असेही नाही. ठग मिळतेजुळते डोमेन विकत घेतो. इंग्रजीत 'आर' आणि 'एन' शेजारी लिहिले की घाईत 'एम' दिसतो. 'ओ'च्या जागी शून्य बसते. या नकली डोमेनचे स्वतःचे पुरावे अगदी पक्के असतात. ते आपल्या यादीत नसते, पण साध्या वाटेने आत येऊ शकते. याहून वाईट म्हणजे खऱ्या व्यापाऱ्याचा पासवर्ड चोरीस जातो आणि ठग त्याच्याच खात्यातून लिहितो. मग आपली यादीच त्याला मानाने आत आणते.

प्रकार बहुधा ठरलेला असतो. ठग काही दिवस गप्प राहून पत्रव्यवहार वाचतो. बिल निघण्याची वेळ आली की लिहितो, "आमचे खाते ऑडिटमध्ये आहे, या वेळी पैसे नव्या खात्यात भरा." बिल तेच, रक्कम तीच, भाषा तीच, फक्त खाते नंबर वेगळा. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ या एका वर्षात अशा प्रकारच्या फसवणुकीत सुमारे २९० कोटी डॉलर गेल्याच्या तक्रारी आल्या. त्यात मोठ्या कंपन्या होत्या तसे लहान व्यापारीही होते.

म्हणून पेढीवर एक नियम करावा आणि मुनीमापासून मुलापर्यंत सर्वांनी तो पाळावा. खाते नंबर बदलल्याचे पत्र कोणाचेही असो, यादीतल्याचे असो वा वीस वर्षांच्या ओळखीच्या माणसाचे, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय एक पैसाही पाठवू नये. त्या पत्रात दिलेल्या नंबरवर फोन करू नये. तो ठगाचाच असतो. प्रामाणिक माणूस अशा फोनने नाराज होत नाही, उलट त्याचेही पैसे वाचतात. एवढे करूनही पैसे गेलेच, तर त्याच तासाला १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा आणि आपल्या बँकेलाही कळवावे. रक्कम पुढे सरकण्याआधी थांबविता आली तरच ती परत मिळण्याची आशा असते.

आपल्या बाजूची जबाबदारी

शेवटची बाब आपल्या स्वतःच्या टपालाची. आपण दुसऱ्याचा पुरावा मागतो, तसा समोरचाही आपला मागतो. आपल्या फर्मच्या डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क यांच्या नोंदी आहेत का, हे डोमेन देणाऱ्याला विचारावे. या नोंदी करण्यास निराळी फी सहसा लागत नाही; जाणकार माणसाचे थोड्या वेळाचे काम असते. नोंदी नसतील तर आपले कोटेशन खरेदीदाराच्या जंकमध्ये पडते आणि आपण समजतो की भाव पसंत पडला नाही.

या आठवड्यात एवढे करावे. ज्यांच्या पत्रावाचून धंदा अडतो अशांची नावे एका कागदावर लिहावीत, प्रत्येकापुढे त्याचे नेमके डोमेन आणि खात्रीचा फोन नंबर लिहावा, आणि तो कागद मेलची व्यवस्था पाहणाऱ्याच्या हाती देऊन सांगावे: पुरावा पटला तर आत घ्या, नुसत्या नावावर नको. त्याच कागदाची एक प्रत गल्ल्यापाशी ठेवावी. खाते बदलल्याचे पत्र आले की फोन कोणत्या नंबरवर करायचा, ते तिथेच सापडेल.