जांघेतील शस्त्रक्रिया : खुला छेद की यंत्रभुजा?

जबलपूरजवळील खमरिया येथे १९४२ पासून दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे. समजा, तेथील एका कामगाराला शिश्नाचा कर्करोग झाला. यंत्रमानवाच्या साहाय्याने शस्त्रक्रिया करून घेण्यासाठी त्याने दूरच्या महानगरात जाणे आवश्यक आहे काय?

मूळ गाठ बाहेरूनच काढता येते. तिथे यंत्राचे काही काम नसते. हा रोग प्रथम पसरतो तो जांघेतील लसीका-ग्रंथींत. जांघेत हाताला काही लागत नसतानाही सुमारे २० ते २५ टक्के रोग्यांच्या ग्रंथींत तो सूक्ष्म रूपाने पोहोचलेला असतो. म्हणून धोका अधिक असल्यास या ग्रंथी वेळीच तपासाव्या वा काढाव्या लागतात. दोन पद्धतींची तुलना करावयाची ती येथे.

खुल्या पद्धतीत जांघेवर लांब छेद घेऊन कातडीचे पदर उचलतात आणि ग्रंथी भोवतालच्या चरबीसह काढतात. शल्यचिकित्सकाला सारे प्रत्यक्ष दिसते व बोटांना जाणवते. मात्र त्या पदरांचा रक्तपुरवठा क्षीण झाल्याने जखम पिकते, क्वचित कातडी मरते आणि मलमपट्टी दीर्घकाळ चालते.

दुसऱ्या पद्धतीत जांघेपासून दूर, मांडीवर लहान छिद्रे पाडून कातडीखाली कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. शल्यचिकित्सक बाजूला बसून मोठी केलेली त्रिमित प्रतिमा पाहतो व यंत्राच्या भुजा चालवितो. यंत्र स्वतः काहीही ठरवीत नाही. जांघेची कातडी अखंड राहत असल्यामुळे जखमेचे उपद्रव कमी होतात. तथापि लसीकावाहिन्या दोन्ही पद्धतींत तुटतात. त्यामुळे पायाची सूज यंत्राने टळतेच असे नाही.

काढलेल्या ग्रंथींची संख्या दोन्हीकडे जवळजवळ सारखी आढळते. परंतु हा रोग विरळ असल्याने अभ्यास लहान आहेत, आणि यंत्रामुळे आयुष्य वाढते असे सिद्ध झालेले नाही. ग्रंथी सुजलेल्या असतील तर लहान छिद्रांची शस्त्रक्रिया केवळ चिकित्सा-प्रयोगाचा भाग म्हणून करावी, असे युरोप व अमेरिकेतील तज्ज्ञांच्या २०२३ च्या संयुक्त मार्गदर्शिकेत म्हटले आहे.

तेव्हा खमरियातील त्या कामगाराने यंत्राच्या प्रतीक्षेत महिने घालवू नयेत. या शस्त्रक्रियेत ज्याचा हात बसला आहे, अशा शल्यचिकित्सकाकडे त्याने लवकर जावे. यंत्र जखम सुसह्य करू शकते. संकोचापायी लपविलेल्या व्रणात गेलेला काळ मात्र ते परत देऊ शकत नाही.