जंजिऱ्याची दुसरी फेरी

बेटावरची सुट्टी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे अंदमान येते, मालदीव येते. 2024च्या जानेवारीत लक्षद्वीपची छायाचित्रे सगळीकडे झळकली, तेव्हा आमच्या खांबसारख्या गावातही लक्षद्वीपच्या खर्चाची चौकशी सुरू झाली. पण तिथे जायला परवाना लागतो, कोचीहून जहाज किंवा विमान गाठावे लागते आणि त्याआधी खिशात तेवढे पैसे असावे लागतात. साधा नोकरदार माणूस चौकशीपाशीच थांबतो. आपल्याच जिल्ह्यात, एस.टी.च्या तिकिटात जवळ करता येईल असे एक बेट आहे, हे त्याला ठाऊक असते. पण "जंजिरा होय? तो पाहिलाय आम्ही," असे म्हणून तो विषय मिटवतो. मला आज या 'पाहिलाय'बद्दलच बोलायचे आहे. जंजिरा पुन्हा पाहावा, थोड्या पैशांत पाहावा आणि ते कसे करावे, हे सांगायचे आहे.

आधी शब्दापासून सुरुवात करू. कवितेच्या नादामुळे मला ही खोड लागली आहे. अरबी भाषेत बेटाला 'जझीरा' म्हणतात. त्याच शब्दाच्या अनेकवचनातून अल्जिरिया या देशाचे नाव आले. आपल्या किनाऱ्यावर हा शब्द उतरला, मराठीने त्याला एक अनुस्वार दिला आणि त्याचा 'जंजिरा' झाला. पुढे तो एवढा आपला झाला की मराठ्यांच्या कागदपत्रांतही पाण्यातल्या किल्ल्याला 'जंजिरे' म्हटलेले आढळते. म्हणजे 'जंजिऱ्याला जाऊ या' म्हणताना आपण 'बेटाला जाऊ या' एवढेच म्हणत असतो.

पहिल्या फेरीत माणूस काय करतो? शनिवारी सकाळी गाडी भाड्याने घेऊन निघतो. दुपारच्या उन्हात राजपुरीच्या धक्क्यावर रांगेत उभा राहतो. शिडाच्या होडीतून किल्ल्यावर उतरतो. होडीवाल्यांनी परतीची वेळ आखून दिलेली असते, त्यामुळे तो तास-पाऊण तासात तोफांपुढे फोटो काढतो आणि घामाघूम होऊन परत फिरतो. खर्च भरपूर झालेला असतो आणि किल्ला मात्र पळता पळता पाहिलेला असतो. यात माझ्या मते महाग पडते ती घाई. घाई वजा केली की निम्मा खर्च आपोआप वजा होतो.

आमचा हिशेब असा असतो. खांबहून कोलाडमार्गे रोहा आणि रोह्याहून मुरूड, सगळा प्रवास एस.टी.ने. मार्च 2023पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे, त्यामुळे आम्हा नवरा-बायकोचा प्रवास दीड तिकिटात होतो. 65 वर्षांपुढच्यांना अर्धे तिकीट आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, म्हणजे घरातली वडीलधारी माणसे बरोबर घेतली तरी खर्च फारसा वाढत नाही. मुंबईकरांना दिव्याहून रोह्यापर्यंत रेल्वे आहे. ज्यांना मुरूडपुढे श्रीवर्धन, दापोली असे भटकायचे असेल, त्यांच्यासाठी एस.टी.चा चार किंवा सात दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' पास आहे. नुसत्या मुरूडपुरते मात्र साधे तिकीटच बरे.

दुसरी गोष्ट दिवसाची. शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा सोडून मधल्या वारी जावे. मुरूडला घरगुती खोल्या मिळतात, आणि मंगळवार-बुधवारी त्यांचे दर गर्दीच्या दिवसांसारखे चढलेले नसतात. मुक्काम करावा, म्हणजे सकाळच्या पहिल्या होड्यांपैकी एक गाठता येते. पावसाळ्यात होड्या बंद असतात, हे ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट भरती-ओहोटीची, आणि ती तर फुकट आहे. आपल्या किनाऱ्यावर जुन्या माणसांचा एक ठोकताळा आहे. तिथीची पाऊणपट करावी, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमाराला भरती. त्याच्या पुढे-मागे सहा तासांनी, नऊच्या सुमाराला, ओहोटी. अष्टमीला भरती सहाला. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. घड्याळाच्या काट्याशी तो तंतोतंत जुळत नाही, पण बेत आखायला पुरतो. माझी आई हाच हिशेब चाँदच्या तारखेवरून करायची. चंद्रकोर दिसल्यावर आमचा महिना सुरू होतो, म्हणून तिथीत आणि त्या तारखेत एखाद-दुसऱ्या दिवसाचा फरक पडतो, तेवढा ती धरायची. समुद्र दोन्ही पंचांगे मानतो, कारण दोन्हींचा चंद्र एकच आहे. मी गेलो त्या फेऱ्यांत होडी किल्ल्याच्या पायऱ्यांना लागत असे. पाणी उतरलेले असले की खालच्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडत आणि वयस्कर माणसांची पंचाईत होई. आधी तिथी पाहून निघालो की ती चिंता कमी होते.

आता काटकसर कुठे करू नये, ते सांगतो. होडीच्या भाड्यात घासाघीस करू नये. पावसाचे महिने ती होडी काठावर असते आणि उरलेल्या महिन्यांत तिच्या शिडावर घर चालवायचे असते. राजपुरीच्या धक्क्यावर कोळी आणि मुसलमान, दोन्ही घरांतली माणसे या होड्यांवर राबतात. वारा नसेल तेव्हा वल्ही मारताना त्यांच्या दंडाकडे एकदा पाहावे, मग भाडे जास्त वाटत नाही. जिच्या घरी जेवतो, त्या बाईने सांगितलेला दर द्यावा. आणि दहा जणांनी मिळून का होईना, एक माहितगार बरोबर घ्यावा. गाडी सोडून एस.टी. धरल्याने जे वाचते, त्यातला थोडा भाग या तिघांना गेला तर आपली स्वस्त सहल कोणाच्या पोटावर येत नाही.

मागे एकदा होडीतल्या नाखव्याने आम्हाला ओळखले. म्हणाला, "गेल्या साली पण आलेलात ना चाचा? आज आरामात बघा, शेवटच्या होडीने या." वेळेची ही मुभा पैशाने मागून मिळाली नसती.

आणि अशी मुभा मिळाली की किल्ला बोलू लागतो. हा दरवाजा राजपुरीकडे तोंड करून आहे, तरी होडी अगदी जवळ येईपर्यंत तो डोळ्यांना सापडत नाही. दरवाजापाशी एका वाघासारख्या प्राण्याने हत्ती धरून ठेवल्याचे शिल्प आहे. पहिल्या फेरीत आपण ते पाहतो, दुसऱ्या फेरीत पंजांतले आणि शेपटीतले हत्ती मोजतो. साधारण 22 एकरांच्या या खडकावर, चारी बाजूंना खारे पाणी असताना, आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. कलाल बांगडीसारख्या तोफांचे नाव सगळे घेतात, पण वेढ्यात किल्ला जगला तो या पाण्यावरही. मागच्या बाजूचा दर्या दरवाजा बहुतेकांचा राहूनच जातो. तिथे दोन मिनिटे गप्प बसावे.

इथला इतिहासही घाईत ऐकला तर चुकीचा ऐकू येतो. 'आमचे' आणि 'त्यांचे' एवढेच कानावर पडते. सावकाश ऐकले तर कळते की आधी इथे कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता. रामा पाटील हे त्यांच्या प्रमुखाचे नाव सांगतात, आणि निजामशाहीच्या माणसांनी पिंपांतून सैनिक आणून तो कसा घेतला, ही दंतकथाही सांगतात. दगडी तट उभा राहिला तो सोळाव्या शतकात, निजामशाहीच्याच काळात. तो राखणारे सिद्दी मूळचे आफ्रिकेतल्या हबसाणातले. शिवाजी महाराजांनी त्यांच्या उरावर पद्मदुर्ग बांधला. तो मुरूडच्या किनाऱ्यावरून आजही दिसतो. संभाजी महाराजांनी 1682मध्ये समुद्रात दगड टाकून वाट करण्याचा प्रयत्न केला. शेवटी 1948 साली तोफ न डागता हे संस्थान भारतात विलीन झाले. एकेकाळी तटाच्या आत घरे होती, चुली पेटत होत्या. हबसाणातून आलेल्यांचे वंशज इथलेच झाले, इथलीच भाषा बोलू लागले. परक्याचे आपले व्हायला किती पिढ्या लागतात, याचा हिशेब इथल्या दगडांत आहे, आणि माझ्यासारख्या मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला तो मोलाचा वाटतो.

हे सगळे एका फेरीत पदरात पडत नाही, म्हणूनच दुसरी फेरी करायची. परतताना वेळ असेल तर आगरदांड्याहून पलीकडे दिघीला जाणाऱ्या लाँचमध्ये बसावे. थोड्या पैशांत खाडी ओलांडता येते. तटावर नाव कोरू नये, पाण्याची बाटली परत आणावी. तिसऱ्या फेरीला येणाऱ्यांसाठी बेट जसेच्या तसे राहिले पाहिजे, आणि त्या तिसऱ्या फेरीत कदाचित आपणही असू.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)