'धोक्याची पातळी' वाचायची कशी?

'गोसेखुर्दची पूर्ण जलसंचय पातळी 245.50 मीटर' असे वाचले, की धरण दोनशे पंचेचाळीस मीटर खोल असावे असा समज होतो. हा आकडा खोलीचा नाही. तो समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा आहे. नदीच्या पाण्याची पातळीही अशीच मोजतात. त्यामुळे वडशाला वैनगंगेचा आकडा मोठा असतो, पुढे प्राणहितेवर तो लहान होतो. नदी उताराकडे वाहते, एवढाच त्याचा अर्थ. दोन ठिकाणचे आकडे एकमेकांशी ताडून काहीच हाती लागत नाही. बघायचे ते एवढेच, की आपल्या ठिकाणच्या धोक्याच्या पातळीपासून पाणी किती खाली आहे.

पाणी ज्या उंचीवर गेल्यास शेते, घरे, रस्ते यांचे नुकसान होऊ लागते, ती धोक्याची पातळी. आवराआवरीला वेळ मिळावा म्हणून तिच्याखाली इशारा पातळी ठरवलेली असते. 'क्युसेक' मात्र वेगळा. तो उंची सांगत नाही, प्रवाह सांगतो: सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे 28 लिटर पाणी. धरणातून किती क्युसेक सोडले हे कळले, तरी आपल्या अंगणात पाणी कुठवर येईल हे त्यावरून कळत नाही.

भामरागडला तर हे फारच जाणवते. तिथे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. इंद्रावती फुगली की पर्लकोटेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे चढते. गावात पावसाची उघडीप असतानाही पूर येऊ शकतो, आणि पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढले की भामरागडचा संपर्क तुटतो. चंद्रपुरात वर्धेला पूर असताना इरईचे पाणी असेच तुंबते.

ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचे पाणी आले, गोसेखुर्दचे दरवाजे उघडले आणि ब्रह्मपुरी तालुक्यातली नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. अशा रात्री माणसाला आपल्या उंबरठ्याच्या मापात उत्तर हवे असते.

म्हणून प्रशासनाला कळकळीची विनंती: नदीकाठच्या प्रत्येक गावात शाळेच्या भिंतीवर इशाऱ्याची, धोक्याची आणि आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराची रेघ रंगवा. दवंडीत मीटरसोबत 'धोक्याच्या रेघेपासून पाणी इतके फूट खाली' हेही सांगा, आणि दक्षिण गडचिरोलीत ते माडिया आणि तेलुगूतूनही सांगा.